दहापैकी तीन

अमेरिकेत निवडणुकीचं वारं सुटलं, की इकडे पुण्यात मी घरातल्या खुर्च्या हलवायला लागते. सोफा भिंतीपासून पुढे ओढते, मग परत मागे ढकलते. टीव्हीसमोरचं स्टूल गॅलरीत नेऊन ठेवते आणि तासाभरात आत आणते. श्रीधर, म्हणजे माझा नवरा, पेपर खाली न करता विचारतो, "सुरू झाल्या वाटतं त्यांच्या चर्चा?" मी म्हणते, मला काय करायचंय त्यांच्या चर्चांशी. आणि खरंच काही करायचं नसतं. त्या देशात मी एकदाच जाऊन आले, तेही लेकीच्या बाळंतपणाला, आणि बघितलं ते मुख्यतः तिचं स्वयंपाकघर. तरीही ते कोट घातलेले लोक टीव्हीवर ओळीने उभे राहिले, की माझं बूड एका जागी टिकत नाही.

कारण मग घरात धूळ येते. पुण्याची धूळ मला ओळखू येते, ती रस्त्याच्या कामाची असते. ही वेगळी. पिठासारखी बारीक, दातांखाली कचकचणारी, बाहरीनच्या वसंतातली. थंडी सरून उकाडा बसायच्या आधी तिथे वाऱ्याचे दिवस यायचे. माहूजमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक बाई खिडकीच्या फटीत ओले टॉवेल खुपसून बसलेली असायची. एसीच्या खोक्याभोवती वर्तमानपत्रं कोंबलेली असायची. तरी संध्याकाळी टेबलावरून बोट फिरवलं, की रेघ उमटायचीच. गच्चीवरचे अँटेना वाऱ्याने तोंड फिरवायचे, मग कुणीतरी वर जाऊन ओरडायचं, "आता दिसतं का?" आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "मफी!" म्हणजे, नाही.

ऐंशीच्या दशकातला असा एक वसंत माझ्या मनातून जाता जात नाही. आमची रश्मी तेव्हा नववीत होती. श्रीधर सित्र्याच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर होता. आमचा करार मे महिन्यात संपत होता आणि तो वाढेल की नाही, हे त्याच्या अमेरिकन साहेबाच्या हातात होतं. त्याच साहेबाने त्या वसंतात आम्हाला एक व्हिडिओ कॅसेट दिली होती.

साहेबाची बहीण त्याला तिकडचे कार्यक्रम टेप करून पाठवायची. ही कॅसेट निवडणुकीच्या चर्चेची होती. साहेबाने श्रीधरला सांगितलं होतं, "बघ. आमच्याकडे माणसाला तोंडावर प्रश्न विचारतात आणि त्याला तोंडावर उत्तर द्यावं लागतं." श्रीधरला याचं फार कौतुक वाटलं. मला पहिल्यांदा काही कळेना. हे सगळे एकाच पक्षाचे आहेत, तर भांडतायत कशाला? श्रीधरने समजावलं, की आधी यांनी आपसात भांडायचं आणि जो टिकेल त्याने दुसऱ्या पक्षाशी भांडायला जायचं. मी म्हटलं, म्हणजे आपल्या इथल्या मराठी मंडळासारखंच, फक्त आपण दुसऱ्या पक्षापर्यंत कधी पोचत नाही.

शुक्रवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे आम्ही तिघं आणि खालच्या मजल्यावरचे बॉस्को आणि फिलोमिना. बॉस्को मूळचा वसईचा आणि श्रीधरच्या कारखान्यात साहेबाचा सेक्रेटरी. फिलोमिना हॉस्पिटलात नर्स होती. तिथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे यांचा रविवारही शुक्रवारी यायचा. दोघं चर्चमधून थेट आमच्याकडे, तिच्या हातात फुग्यांचा डबा. फुगे म्हणजे त्यांच्या वसईकडचे गोल तळलेले पाव. माझ्या हामूर माशाच्या कालवणात ते बुडवून खाताना श्रीधर एरवीपेक्षाही कमी बोलायचा.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मंडळाच्या गणपतीत मुलांची वक्तृत्व स्पर्धा व्हायची आणि तिची परीक्षक दर वर्षी मीच. मांडणी, उच्चार, हावभाव, धीटपणा, हे माझे रकाने ठरलेले. अडखळलं की गुण गेले. मुलं माझ्यासमोर उभी राहताना थुंकी गिळायची, आणि त्याचेही मी गुण कापायचे. तर टीव्हीवर सहा-सातजण ओळीने उभे राहिलेले दिसले आणि मी चष्मा पुसून म्हटलं, चला, गुण देऊ. सगळ्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की बॉस्कोने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली.

मला वाटतं, आम्हाला असं कुणाला तरी जोखायची भूकच होती. तिथे आम्हाला मतदान नव्हतं आणि नसणारच होतं. इकडे यादीतून नावं कधीच गळालेली. कुणी विचारत नव्हतं, की तुम्हाला कोण लायक वाटतो. मग आम्ही आमच्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांना पारखायला बसलो आणि चांगलेच रंगलो.

कॅसेट तिकडची, त्यामुळे आमच्या टीव्हीवर तिचे रंग उडून जायचे. काळंपांढरं चित्र अधूनमधून वर सरकायला लागायचं आणि उमेदवारांचे बूट त्यांच्या डोक्यावर दिसायचे. श्रीधर उठून टीव्हीला एक चापट मारायचा, की माणसं पुन्हा पायांवर उभी. आम्ही त्यांना नावं ठेवली. एक फार देखणा होता, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत त्याचं हसू तयार. तो जावईबापू. एक बोट नाचवत बोलायचा, तो मास्तर. आणि डावीकडून तिसरा एक होता, दिव्यांखाली कपाळ चकाकणारा, सतत रुमाल काढणारा. त्याला रश्मीने नाव दिलं, घाम्या.

फिलोमिना म्हणाली, "सुनंदा, खरेपणाचा पण एक रकाना घाल ना."

मी म्हटलं, "वक्तृत्वात खरेपणा नसतो गं. भाषण बापाने लिहिलेलं, हावभाव आईने बसवलेले. त्यात खरेपणा कुठून मोजू?"

"मग हे काय वक्तृत्व आहे?" ती म्हणाली. पण रकाना काही मी वाढवला नाही.

मध्येच घाम्याला एक प्रश्न आला. मागे एका कायद्याला त्याने मत दिलं होतं आणि आता तो त्याच कायद्याविरुद्ध बोलत होता, तर हे कसं काय? जावईबापूला असा प्रश्न आला असता, तर तो पोहत पलीकडे गेला असता. घाम्याने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. रुमाल काढला. खोलीत नुसता एसीचा आवाज. मला ते सहन होईना. बोल बाबा, काहीतरी बोल, असं मी म्हणालेसुद्धा. मग तो म्हणाला, की ते चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मी घाबरलो होतो. माझी जागा जाईल असं वाटलं. एवढं सांगताना तो दोनदा अडकला.

बॉस्को म्हणाला, "खलास. गेला हा."

मी दहापैकी तीन दिले.

"आई, ही वॉज द ओन्ली वन नॉट अॅक्टिंग," रश्मी म्हणाली. माझ्या लेकीला मराठी सगळं समजायचं, पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची.

"अडखळला," मी म्हटलं.

तेव्हा श्रीधर बोलला. "विचार करत होता तो."

"विचार घरून करून यायचा," मी म्हटलं. सगळे हसले. श्रीधर उठला आणि टीव्हीला चापट मारून आला, खरं तर चित्र तेव्हा सरकत नव्हतं.

श्रीधरला कुणी काही विचारलं, की तो थांबतो. मला बघायला आला तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंय. हा इतका वेळ गप्प, की वडिलांना वाटलं मुलाला कमी ऐकू येतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्या थांबण्याने मी कासावीस होते. मी अशा घरात वाढले, जिथे शांतता पडली की कुणीतरी आजारी आहे असं समजायचे.

त्यानंतरच्या आठवड्यात कारखान्यात अपघात झाला. माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यात एका कामगाराचा हात अडकला. जासिम त्याचं नाव, मआमीर गावचा, तरुण, दोन लेकरांचा बाप. दोन बोटं चिरडली. पट्ट्याच्या रुळावर एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे बोलायला लागले, की जासिमने काम लवकर उरकावं म्हणून ती स्वतःच काढली होती. ते खरं ठरलं असतं, तर चूक त्याची, नोकरी जाणार आणि बोटंही गेलेली.

श्रीधरने घरी येऊन बूट काढले आणि तिथेच दाराशी बसला. म्हणाला, "जाळी माझ्या माणसांनी काढली होती. दुरुस्तीला. परत बसवायला पट्टा थांबवायला हवा होता. मी साहेबाला कॅन्टीनमध्ये सांगितलं. तो म्हणाला, हा माल जाऊ दे, मग थांबव." पुष्कळ वेळाने तो पुढे म्हणाला, "मी बरं म्हटलं."

कॅन्टीनमधलं बोलणं, चहाच्या टेबलावरचं. कागदावर काही नाही. तिसरं कुणी ऐकलेलं नाही. आठवड्याने चौकशी होती आणि चौकशीला बसणार होता तोच साहेब.

आम्ही जासिमला बघायला मआमीरला गेलो. गावाला लागूनच कारखाने, हवेत कुजक्या अंड्यासारखा वास. गावातल्या बायकांना तो येतच नसावा, मी मात्र पदर नाकाशी नेत होते आणि मग लाजून खाली घेत होते. जासिमच्या आईने खजूर पुढे केले, छोट्या पेल्यांत कॉफी दिली. ती माझ्याशी अरबीत बोलली आणि मी तिच्याशी मराठीत, आणि दोघीही मान हलवत राहिलो. जासिमचा हात उशीवर ठेवलेला होता, एवढं मोठं बँडेज. त्याने काही मागितलं नाही. मला वाटत होतं, याने मागावं, रडावं, म्हणजे श्रीधरला काहीतरी ठरवता येईल. निघताना तोच म्हणाला, "शिरी, तुम कुछ मत बोलो. तुम बोलेगा, तुम्हारा वीजा खलास. हमारा तो घर इधर है. इंशाल्ला कुछ काम मिलेगा."

आम्ही गाडीने घरी परतलो. वारा रेती उडवत होता आणि काचेवर ती टिकटिक वाजत होती.

त्या आठवड्यात मी सोफा खिडकीखाली नेला. मग पुन्हा जुन्या जागी आणला. रश्मीची परीक्षा चालू होती, ती म्हणाली, "आई, प्लीज, कॅन यू जस्ट सिट?" मला बसता येत नव्हतं. पुण्यातलं घर अर्धवट बांधून उभं होतं. रश्मीला दहावीच्या तोंडावर शाळेतून काढायचं, म्हणजे काय, हे मला कळत होतं. आणि उशीवरचा तो हातही दिसत होता. मी श्रीधरला बोल असं म्हटलं नाही आणि गप्प बस असंही नाही. आज कुणी विचारलं, तुझ्या मनात काय होतं, तर मी खरं सांगेन, दोन्ही होतं. सकाळी एक असायचं, संध्याकाळी दुसरं.

एका दुपारी बाजारातून आले, तर श्रीधर टीव्हीसमोर एकटा. लवकर घरी आला होता. कॅसेट लावलेली. घाम्या ग्लास उचलत होता, खाली ठेवत होता. उत्तर संपलं, की श्रीधर कॅसेट मागे फिरवायचा. पुन्हा ग्लास, पुन्हा रुमाल. मी पिशव्या घेऊन दारात उभी राहिले. त्याने मागे न बघता विचारलं, "याला तीनच का?"

मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." माझा आवाज मलाच चोंबडा वाटला.

चौकशी कशी झाली, ते मला बॉस्कोकडून कळलं. साहेबाचा सेक्रेटरी म्हणून लिहून घ्यायला तो त्या खोलीत होता. भर दुपारी आला, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, बसला नाही. गाडीच्या किल्ल्या हातात खुळखुळत होत्या.

"वहिनी, साहेबाने विचारलं, जाळी नाही हे तुला माहीत होतं का. श्रीधर गप्प. अहो, किती गप्प! मी पेन्सिल खाली ठेवली. वाटलं, आता नाही म्हणणार. देवाची शपथ, मला वाटलं, नाहीच म्हणू दे."

"मग?"

"मग बोलायला लागला. अडकत अडकत. जाळी जासिमने काढली नाही, माझ्या माणसांनी काढली. पट्टा थांबवा असं मी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, कुणाला सांगितलंस? तर हा म्हणतो, तुम्हालाच सर. कॅन्टीनमध्ये. तुम्ही माल जाऊ दे म्हणालात आणि मी गप्प बसलो. मी घाबरलो होतो."

"आणि साहेब?"

बॉस्कोने किल्ल्या मुठीत धरल्या. "साहेब म्हणाले, असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. वहिनी, काय सुंदर बोलला माणूस. आवाज जरा पण हलला नाही. हसला पण थोडा."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. उच्चार, हावभाव, धीटपणा, मला सगळे रकाने दिसत होते आणि साहेबाला सगळीकडे पैकीच्या पैकी पडत होते. मला इतका राग आला, की मी बॉस्कोला चहासुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी श्रीधर आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "अडखळलो मी." मी म्हटलं, "हात धू, जेवायला वाढते." ताट वाढताना आमटी सांडली. त्याने ती बोटाने निपटली आणि खाल्ली.

मग वाट बघणं सुरू झालं. जासिमने जाळी काढली, असं म्हणायला आता कुणी धजेना. त्याला कामावर ठेवलं, पट्ट्यावरून काढून भांडारात बसवलं. श्रीधरला कुणी काहीच म्हटलं नाही. साहेब रोज गुड मॉर्निंग म्हणायचा. फोन वाजला की आम्ही तिघंही त्याच्याकडे बघायचो. वारा पडला, हवेत दमटपणा यायला लागला, टॉवेल खिडक्यांतून काढून मी धुऊन वाळत घातले, आणि ते दिवसभर वाळेनात. एकदा चहा पिताना श्रीधरने इंग्रजी पेपर माझ्यापुढे सरकवला. कुठल्याशा कोपऱ्यात बातमी होती, तिकडच्या शर्यतीत आता कोण उरलंय त्याची. जावईबापू होता. मास्तर होता. घाम्याने पहिल्याच फेरीनंतर नाव मागे घेतलं होतं.

"म्हणजे आपण गुण देत होतो," श्रीधर म्हणाला, "तेव्हा तो घरी जाऊन बसलेला होता."

करार वाढवला नाही हे त्याला मेच्या सुरुवातीला सांगितलं. कारण काही दिलं नाही. विचारलं असतं, तर साहेबाने ते फार सुंदर सांगितलं असतं. श्रीधरने विचारलं नाही.

सामान बांधताना ती कॅसेट निघाली. मी म्हटलं, राहू दे, घालू कुठल्यातरी खोक्यात. पण दुसऱ्याची वस्तू आपल्या सामानात नेणं श्रीधरला जमणारं नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी आम्ही बुदैयाला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा आणि भाजीचे मळे, आणि मध्येच नवे बंगले. साहेबाच्या बंगल्यापुढे हिरवळ होती, बाहरीनमध्ये हिरवळ! तिच्यावर पाण्याचे फवारे फिरत होते. साहेबाने हसून स्वागत केलं, लिंबाचं सरबत आणवलं. पुढचं आयुष्य छान जाईल वगैरे म्हणाला. मला कबूल करायला हवं, की तो बोलत होता तोवर ते पटतही होतं.

श्रीधरने कॅसेट पुढे केली. साहेबाने ती हातात घेतली आणि मजेत विचारलं, "सो, हू वन इन युअर हाउस?"

श्रीधर थांबला. मला माहीत होतं, आता हा बराच थांबणार. आयुष्यभर अशा वेळी मी मध्ये बोलत आले, तशी तेव्हाही बोलले. मंडळाच्या स्टेजवरून निकाल सांगते, त्या आवाजात, माझ्या पुणेरी इंग्रजीत सांगितलं, की आमच्या घरात डावीकडून तिसरा जिंकला. ज्याला घाम येत होता तो.

साहेब मोठ्याने हसला. "पण तो तर केव्हाच बाहेर पडला."

"हो," मी म्हटलं. "आम्हाला कॅसेट उशिरा मिळाली."

साहेब हसतच होता. मग त्याने हातातल्या कॅसेटकडे पाहिलं, श्रीधरकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. फवारे फिरत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता. त्या माणसाला शब्द न सापडताना मी पहिल्यांदाच बघत होते. शेवटी त्याने आमच्यासाठी फाटक उघडलं, तेही स्वतः.

गाडीत बसलो. मळ्यांवरून ओल्या मातीचा वास येत होता, कुणीतरी पाणी सोडलं असणार. बराच रस्ता गेल्यावर श्रीधर म्हणाला, "तू तर त्याला तीन दिले होतेस."

"ते कच्चे गुण," मी म्हटलं. "निकाल राखून ठेवला होता."

श्रीधर नेहमीसारखा थांबला. एक चौक गेला, खजुरांची एक सबंध बाग मागे पडली, आणि मी खिडकीबाहेर बघत नुसती बसून राहिले, एक शब्द न बोलता.

मग तो म्हणाला, "आता जाहीर कर की."